बर्फाच्या गुहेत जयणा



आपल्या २२ अभक्ष्यांत बर्फ आहे, हे घरातल्या मुलांना पाठ असतं. का आहे, ते गळी उतरवणं मात्र कठीण. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव, बर्फात तर ते गोठून दाटलेले, असं आपण सांगतो. पण आपल्या संभाजीनगरच्या मे महिन्यात, लग्नाच्या मांडवात बर्फ घातलेलं सरबत समोर आलं, की सगळं ज्ञान वितळतं!

म्युनिकला राहणाऱ्या माझ्या नऊ वर्षांच्या नातीने तर सरळ विचारलं, "आजी, इथे हिवाळ्यात रस्त्यावरही बर्फ असतो. मग मी शाळेत चालत जायचंच नाही का?" हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता. उद्या तिला हे सगळं खोटं वाटलं तर?

त्याच मुक्कामात लेक-जावयांनी आम्हाला ऑस्ट्रियात वेर्फेनजवळची आइसरीझनवेल्ट गुहा दाखवली. ४२ किलोमीटरहून लांब, जगातली सर्वांत मोठी बर्फगुहा म्हणून ती ओळखली जाते. दाखवतात फक्त पहिला किलोमीटरभर, कारण बर्फ तेवढ्यातच आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची आपली लेणी माणसांनी छिन्नीने कोरली. ही गुहा पाण्याने चुनखडीत पोखरली. हिवाळ्यात थंड हवा आत शिरून खडक गारठतो. वसंतात डोंगरावरचं वितळलेलं पाणी फटींतून झिरपतं आणि त्या गार दगडावर पुन्हा गोठतं. उन्हाळ्यात तीच गार हवा तोंडाकडून बाहेर सुटते. दार उघडलं तेव्हा माझी ओढणी आवरता आवरेना!

आत ७०० पायऱ्या चढायच्या, तितक्याच उतरायच्या. जमा-खर्च बरोबर जुळतो, खर्ची पडतात ते गुडघे. विजेचे दिवे नाहीत. हातात कार्बाइडचे कंदील देतात. अग्निकायाचा विचार मनात आलाच. फोटोला मनाई. कंदिलाच्या उजेडात निळसर बर्फाचे खांब नि भिंती दिसत होत्या. पाय बर्फावर पडू नये म्हणून लाकडी जिना बांधलेला. गाइडने आधीच बजावलं, "बर्फाला हात लावू नका, हाताच्या उबेनेही तो झिजतो."

हे ऐकून नातीने एका हाताने कठडा धरला आणि दुसरा कोटाच्या खिशात घातला. बाहेर येईपर्यंत तो काढला नाही. मी काहीच सांगितलं नव्हतं.

बाहेर बाकावर खाकरे खाताना ती आपणच म्हणाली, "आजी, चालायचं. पण जपून. आणि उगाच लाथा मारत नाही चालायचं."

मी म्हटलं, "बेटा, यालाच आपण जयणा म्हणतो."

साधू-साध्वींसारखं संपूर्ण पालन आपल्याला संसारात जमत नाही. पण जेवढं टाळता येतं, तेवढं टाळायचं, हे नऊ वर्षांच्या मुलीलाही कळतं. आता चातुर्मास येतोय. पाणी गाळताना मुलांना शेजारी उभं करा, गाळणं त्यांच्या हाती द्या. यादी नंतर पाठ होईलच.