क्लेरिकचं राज्य कुणावर?

पूर्वी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर जो उशिरा पोचेल त्याच्यावर क्लेरिकचं राज्य यायचं. फायटर, चोर, जादूगार ही सगळी पात्रं वेळेवर आलेल्यांनी पटकावलेली असत. जखमा भरणारा कुणीतरी लागतोच, म्हणून उरलेला कागद उशिरा आलेल्यापुढे सरकवला जाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मिलवॉकीत शिकायला गेलेल्या आणि बर्फात बसची वाट पाहत ताटकळणाऱ्या माझ्यासारख्यावर हे राज्य वारंवार यायचं. कुरकुर करायची सोय नव्हती. मोटार ज्यांच्याकडे होती ते फायटर व्हायचे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, डंजन मास्टर प्रसंग उभा करतो आणि जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये लेक जिनिव्हाहून निघाला. मिलवॉकीहून ते गाव मोटारीने तासाभराच्या अंतरावर. 1985 पासून त्यांचं जेन कॉन हे संमेलनही मिलवॉकीतच भरू लागलं होतं, त्यामुळे शहराच्या हवेतच हा खेळ होता म्हणा ना.

गंमत अशी की क्लेरिक जन्माला आला तो शिकारी म्हणून. आर्नेसनच्या ब्लॅकमूर या कॅम्पेनमध्ये एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं, सर फँग नावाचं, आणि ते कुणाला आवरेना. त्याच्यावर उतारा म्हणून पीटर कुशिंगच्या सिनेमांतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यासारखा एक धर्मगुरू आणला गेला. पुढे शिकार मागे पडली आणि मलमपट्टी तेवढी गळ्यात राहिली. 1974 च्या नियमांत, अगदी 1981 च्या बेसिक संचातही, पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र नसे. चिलखत, गदा आणि देवाचं नाव, एवढ्यावर भागवायचं.

आमच्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत मंत्र मिळायचे, पण ते सकाळीच ठरवून ठेवावे लागत. तुम्ही काही वेगळं घ्यायचं म्हटलंत की पाच चेहरे तुमच्याकडे बघायचे. शेवटी मंत्रांचे सगळे खण ‘क्युअर लाइट वूंड्स’ने भरायचे. मग लढाई सुरू. फायटरला लागलेलं असतं. तुम्ही धावत जाऊन त्याला हात लावता, आठ बाजूंचा फासा टाकता, दोन पडतात. दोन हिट पॉइंट! टेबलावर कुणी वर बघतही नाही, डंजन मास्टर पुढच्याकडे वळलेला असतो, आणि तुमची पाळी परत येईपर्यंत तुम्ही चिप्स खात बसता.

त्या काळाची आठवण काढताना आम्ही म्हातारे खेळाडू या सक्तीलाही शिस्त वगैरे म्हणून गोंजारतो. ती शिस्त नव्हती, ती जबरदस्ती होती. मला चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची.

1981 च्या बेसिक संचात दोन कामं खेळाडूंनाच वाटून दिलेली होती, कॉलर आणि मॅपर. कॉलर सगळ्यांचा विचार घेऊन डंजन मास्टरला पार्टीचा निर्णय सांगायचा. मॅपर आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचा. डंजन मास्टर म्हणे, ‘पूर्वेला साठ फूट, मग वाट दोन्हीकडे फुटते, डावीकडे लोखंडी दार.’ की मॅपरची पेन्सिल चालू. एक चौकोन दहा फुटांचा. परतीच्या वाटेवर दोन भिंती एकमेकींत घुसल्या की सगळी पार्टी त्या कागदावर ओणवी व्हायची. शिवाय मशाल कुणीतरी धरायची, म्हणजे त्याचा एक हात गेला, आणि ती तासाभरात विझायची, तिचा हिशेब दुसऱ्या कुणीतरी ठेवायचा. याला कुणी सपोर्ट म्हणत नव्हतं. ते सगळ्यांच्या वाट्याला थोडंथोडं येणारं काम होतं.

आणि मोबदला होता. सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की एक अनुभवगुण. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने किरकोळ. त्यामुळे लढाई टाळून, नकाशाच्या जोरावर पेटी उचलून आणणारी पार्टी शहाणी ठरायची आणि वाटणीत मशालवाल्याचाही हिस्सा असायचा. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचा हा नियम ऐच्छिक झाला. माझ्या मते सपोर्टची खरी पडझड तिथे सुरू झाली, क्लेरिकच्या मंत्रांमुळे नव्हे.

नंतरच्या आवृत्त्यांनी क्लेरिकची मनधरणी करून पाहिली. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत कुठलाही तयार मंत्र ऐनवेळी उपचारात बदलता येऊ लागला, आणि क्लेरिक इतका ताकदवान झाला की त्याने स्वतःलाच मंत्र लावून फायटरचं काम हिसकावलं. उपचारासाठी पन्नास वेळा चालणारी कांडी साडेसातशे नाण्यांत मिळायची. लाच देऊन आणलेला माणूस कामाला लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ. 2008 च्या चौथ्या आवृत्तीला पुष्कळांनी शिव्या घातल्या, मला ती आवडते. तिने या भूमिकेला चक्क ‘लीडर’ म्हटलं, आणि एकाच पाळीत सोबत्याला उभं करून शत्रूवर घावही घालू दिला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने हीच सोय ‘हीलिंग वर्ड’मध्ये ठेवली, साठ फुटांवरून, हात न लावता. 2024 च्या सुधारित नियमांत त्याचे फासे दुप्पट झाले.

आता मी पुण्यात भाच्याच्या टोळक्याचा डंजन मास्टर आहे. एकजण ठाण्याला, एक डब्लिनला, म्हणून खेळ डिस्कॉर्डवर. सगळे मला मामाच म्हणतात. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, ‘मामा, हीलर कुणी नाही घेतला तरी चालेल ना?’ चालेल, म्हटलं. खरंच चालतं. विश्रांती घेतली की जखमा भरतात, औषधाच्या कुप्या विकत मिळतात. सक्ती संपली हे उत्तम झालं. पण मग सगळेच वॉरलॉक, रोग (म्हणजे आमचा जुना चोर) आणि पॅलाडिन, प्रत्येकाची तीन-तीन पानी करुण पूर्वकथा, आणि एकमेकांना हात द्यायला कुणी मोकळं नाही.

उपदेशाने यातलं काही बदलत नाही. मी हिशेब दाखवला. ‘ब्लेस’ हा पहिल्या लेव्हलचा मंत्र तिघांच्या प्रत्येक वारात चार बाजूंचा एक फासा मिळवतो. सरासरी अडीच, म्हणजे वीसच्या फाशावर साडेबारा टक्के. तिघांनी चार फेऱ्यांत बारा वार केले तर दीड वार जास्तीचा लागतो, तोही एका मंत्रात. अडचण अशी की तो दीड वार दिसतो दुसऱ्याच्या नावावर. पोवाड्यात झीलकऱ्यांशिवाय शाहिराला दम घेता येत नाही, पण पत्रिकेवर नाव शाहिराचंच. म्हणून आता कुणाचा वार काठावर लागला की मी विचारतो, ‘ब्लेसशिवाय लागला असता?’ नसता, तर तो घाव कसा पडला हे ब्लेस देणाऱ्याने सांगायचं. तलवार रोगची, वर्णन क्लेरिकचं.

दुसरा नियम, ‘मला हील कर’ असं ओरडायचं नाही. काय करायचं ते ज्याचं पात्र त्याने ठरवायचं. हुकमाचा ताबेदार व्हायला शनिवारची रात्र कोण घालवेल?

क्लेरिक अखेर मिळाली ती मात्र माझ्या हिशेबामुळे नाही, तर ‘क्रिटिकल रोल’ या खेळाच्या वेबमालिकेमुळे. त्यांच्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये लॉरा बेलीची जेस्टर ही क्लेरिक एका चेटकिणीला मंतरलेली पूड घातलेला कपकेक खाऊ घालते आणि तिची स्मृतीच बदलून टाकते. सोबतिणीवरच्या शापाचा प्रश्न तलवार न उपसता सुटतो. आमच्यातल्या ठाण्याच्या मुलीने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, ‘मामा, मला तसली क्लेरिक पाहिजे.’ मिलवॉकीत असं वाक्य माझ्या कानावर कधी पडलं नव्हतं.

सोन्याचा जुना नियमही मी परत आणला आहे आणि तो सगळ्यांना पटला आहे, विशेषतः हिस्सेवाटणीचं भांडण. नकाशा काढायला मात्र कुणी तयार नाही. रोल ट्वेंटी या ऑनलाइन टेबलावर तो आपोआप उलगडत जातो, म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.