मैफल आणि मोर्चा

वाशीमहून कारंजा ओलांडलं की मुर्तिजापूर येतं. १९९८ पर्यंत आम्ही एकाच अकोला जिल्ह्यातले. वसंतराव देशपांडे १९२० साली त्या गावात जन्मले, म्हणून ‘मी वसंतराव’ पाहायला आमच्या घरातले सगळे हक्कानं बसले. निपुण धर्माधिकारींचा हा २०२२ चा चित्रपट. राहुल देशपांडे त्यात आपल्याच आजोबांची भूमिका करतात, गातातही, आणि त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गाणं उत्तमच आहे. मला मात्र जास्त भिडली ती वसंतरावांची लष्कराच्या हिशेब खात्यातली खर्डेघाशी. नागपुरात सप्रे गुरुजींची तालीम झालेला, एकट्या आईनं कष्टानं वाढवलेला माणूस वर्षानुवर्षं रकाने भरतो. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातला खाँसाहेब त्याला मिळतो, तेव्हा वय सत्तेचाळीस. गळ्यात एवढं असूनही पोटासाठी थांबावं लागणं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच ओघात त्या नाटकावरचा २०१५ चा ‘कट्यार’ चित्रपट पुन्हा लावला. हवेल्या, झुंबरं, भरजरी अंगरखे, सगळं डोळ्यांत भरतं. पण गाणी इतकी धुऊन इस्त्री केलेली, की गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही. मला तो श्वास हवा असतो.

तो मिळाला एका माहितीपटात. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’, २०११ चा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीत बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निषेधाला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. पटवर्धनांनी त्यांचं गाणं आधी ‘हमारा शहर’मध्ये टिपलं होतं. त्या शाहिराचा शोध घेत कॅमेरा पुढं चौदा वर्षं फिरत राहिला.

माहितीपट तीन तासांच्या आसपास आहे. सभांची दृश्यं थोडी आवरली असती तर बरं झालं असतं. तरी या साऱ्यांत खरा संगीतपट मी त्यालाच म्हणेन. इथं कुणी प्रसंग सजवायला गात नाही. कुणीतरी मेलेलं असतं, न्याय लांबलेला असतो, आणि बोलून संपत नाही म्हणून माणसं गातात. ढोलकीमागं वस्तीचा गलबला तसाच राहू दिलाय. त्यातल्या गायिका शीतल साठेंचा आवाज चढतो तेव्हा अंगावर काटा येतो; पुढं त्या भूमिगत झाल्यावर त्यांची आई कॅमेऱ्यासमोर बोलते, तिथं मला पडद्याकडं बघवेना.

एप्रिल लागला की आमच्या खेड्यांतही भीमगीतांच्या रात्री जागतात. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई रात्री माइक हातात घेते, पोरं कोरस धरतात. हिचा आवाज कुठल्या चित्रपटात आलेला नाही. यायला हवा, असं मला फार वाटतं.

‘जय भीम कॉम्रेड’ सुरुवातीला भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर लोकांना दाखवला होता. तसाच तो इकडं एखाद्या विहाराच्या अंगणात दाखवावा, असं मी दोन-चार मित्रांपुढं काढलंय. एक जण म्हणाला, एवढा वेळ लोक बसतील का? भीमगीतांना पहाटेपर्यंत बसतात की! पडद्याची सोय होईल. लाइटचा भरवसा नाही, म्हणून जनरेटर तेवढा आधी सांगून ठेवावा लागेल.