डरो नक्को

आईला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, तेव्हा मिटत्या दाराच्या फटीतून एवढंच ऐकू आलं, "डरो नक्को अम्मा, लंबी सांस लेव." भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचा आवाज होता तो. हैदराबादच्या दखनीत हा 'नक्को' मराठीतूनच येऊन कायमचा राहिला आहे. लग्न होऊन उदगीरहून या शहरात आलेल्या माझ्या आईला तो शब्द ऐकून हिरव्या कपड्यांतल्या त्या अनोळखी माणसांत आपलं कुणीतरी असल्यासारखं वाटलं, असं तिनं नंतर सांगितलं. मग दुधासारखं पांढरं औषध शिरेत गेलं, हात चुरचुरला, ती आकडे मोजू लागली, आणि पाचाच्या पुढचा आकडा तिला आजही सापडलेला नाही. "झोप नव्हती गं ती," ती म्हणते. "झोपेत आपण झोपलोय हे आत कुठेतरी ठाऊक असतं. इथे मधला तुकडाच कुणी कातरून नेला."

त्या तुकड्याला आपण भूल म्हणतो. उर्दूत बेहोशी, शुद्ध गेली, एवढंच तो शब्द सांगतो. भूल मात्र कुणीतरी देतं, ती चढते, उतरते. रानात वाटसरूला पडते तीही भूल, आणि हातून घडते ती चूकही भूलच. इतके अर्थ एका शब्दात कसे नांदतात, याचा विचार मी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून करत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अफझलगंजला गेले होते, तेव्हा उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या चिंचेपाशी थोडी थांबले. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदी फुगली, तिथलं जुनं अफझलगंज इस्पितळ वाहून गेलं, आणि या चिंचेच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसं वाचली. मला मात्र त्या वाहून गेलेल्या इस्पितळाची ओढ. भुलेच्या इतिहासातलं एक विलक्षण पान तिथलं आहे.

एडिनबरोत 1847 साली डॉक्टर सिम्प्सन यांनी भुलेसाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, आणि पुढच्याच जानेवारीत हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मनं दगावली. का दगावली, यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. हृदय आधी थांबतं की श्वास? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी एडिनबरोत साइम यांच्या हाताखाली शिकलेले. नाडी नव्हे, श्वास पाहा, ही गुरूची शिकवण त्यांनी प्राणपणानं जपली. 1888 साली पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं, आणि त्यावर शंका निघाल्या तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला आपला माणूस पाठवण्यासाठी एक हजार पौंड देऊ केले. 1889 मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो मुक्या जिवांवर प्रयोग झाले. कुत्री, माकडं, शेळ्या. त्यांची आठवण कुणी ठेवली नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवते. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. श्वास सांभाळला तर धोका नाही.

ही भूल होती. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना अंगात अॅड्रिनलिन उसळलं, तर हृदय एकाएकी थरथरून थांबू शकतं. आणि अॅड्रिनलिन उसळतं ते भीतीनं. हे वाचलं तेव्हा 'डरो नक्को' ही नुसती माया नसून औषधाचाच एक भाग असावा, असं मनात येऊन गेलं.

तरीही लॉरींबद्दल माझ्या मनात कडवटपणा येत नाही. त्यांनी आपल्या वर्गात मुलींना घेतलं. त्यांच्यातल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत मोजल्या जातात. याच शहरात वर्षानुवर्षं त्यांनी माणसांना भूल दिली, 1909 मध्ये आणखी शिकायला एडिनबरोलाही गेल्या. भूल दिलेल्या बाईच्या उशाशी बसून तिचा श्वास न्याहाळणाऱ्या रूपाबाई कुठल्या बोलीत धीर देत असतील?

आत नेमकं काय घडतं, हे समजायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. 1950 मध्ये मेंदूत 'गाबा' नावाचा साधासा रेणू सापडला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत हाका मारत असतात. गाबा ती हाक शांतवतो. पेशीच्या भिंतीत पाच-पाच प्रथिनांची मिळून बनलेली दारं असतात, मधोमध बारीक वाट. गाबा येऊन टेकला की वाट उघडते, क्लोराइडचे कण आत येतात आणि पेशी काही क्षण गप्प होते. आईच्या शिरेतलं पांढरं प्रोपोफॉल त्या प्रथिनांच्या सांध्यांत शिरून बसतं. दार उघडं राहतं ते नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि मात्रा वाढली तर गाबाची वाटही पाहत नाही. सगळ्याच भुलांची रीत ही नव्हे. केटामाइनचा रस्ता निराळा.

मला खरं हलवून गेलं ते पुढचं. 1941 मध्ये हान्स सेल्ये यांना दिसलं होतं की प्रोजेस्टेरॉन भरपूर टोचलं की उंदीर गुंगतात. हे तर गर्भारपण सांभाळणारं द्रव्य! त्यापासून शरीर, आणि मेंदू स्वतःही, अॅलोप्रेग्नॅनोलोन बनवतो, आणि तेही त्याच दाराशी जाऊन त्याला थोडं अधिक वेळ उघडं धरतं. बाहेरून कुणी देण्याआधीपासून थोडी भूल आपल्या घरातलीच असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती भरून येते, आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच एकदम ओसरते.

माझ्या लेकीच्या जन्मानंतरचे दिवस आठवले. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपांचा धूर, ताटलीत अळिवाचा लाडू, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, बाळ रडलं तरी हात न उचलणारी. "होतं असं," आई म्हणायची आणि बाळाला उचलून घ्यायची. कारण तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मी स्वतःला नुसती वाईट आई ठरवत होते. 2019 मध्ये अमेरिकेत अॅलोप्रेग्नॅनोलोनचंच औषध मंजूर झालं, बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी, साठ तास थेंबथेंब शिरेतून देण्याचं. 2023 मध्ये त्याच घराण्यातली गोळी आली. प्रत्येकीच्या दुःखाचं मूळ तिथेच असेल असं नाही. पण त्या भिंतीकडे तोंड केलेल्या मुलीला कुणी हे सांगायला हवं होतं, असं फार वाटतं.

आईला घरी आणलं त्या रात्री मला झोप आली नाही. तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. पांघरूण वर होई, थोडं थांबे, खाली येई. ते थांबणं लांबलं की माझाही श्वास अडके. पहाटे काचीगुड्याच्या बाजूनं गाडीची शिट्टी आली, तेव्हा तिनं डोळे किलकिले केले, मला तशी बसलेली पाहिली, आणि हात चाचपडत माझ्या मनगटावर ठेवला.

"नको गं जागत बसू," म्हणाली, आणि पुन्हा झोपली.