सिस्टरने सगळं लिहून ठेवलं होतं

आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं घाटातल्या रस्त्यांवर गाडी चालवली. आता वय ७८. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस जेवले नाहीत, उठताना तोल जायला लागला, म्हणून तालुक्याच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. कारण ही एका हॉस्पिटलची गोष्ट नाही.

सलाईन लागलं, अण्णा झोपले. रात्री साडेबाराला एकदम उठून बसले आणि मला म्हणाले, "डबल बेल दे रे, गाडी लेट झालीय."

मला हसू आलं. शेजारच्या पेशंटचा मुलगा म्हणाला, "वय झालं की होतं असं."

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. पस्तिशीतल्या असतील. अण्णांच्या छातीकडे बघत, हातातल्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलं, बीपी घेतलं, ताप बघितला.

"दादा, संध्याकाळी बाबा असं बोलत होते का?"

"नाही हो. चांगले बोलत होते."

"मग हे वयामुळे नाही."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मी बाजूलाच उभा होतो. पलीकडून पहिला प्रश्न आला, ताप आहे का? ताप नव्हता. ऑक्सिजन लावा, सलाईन चालू ठेवा, सकाळी बघतो, असं उत्तर मिळालं. सव्वादोनला सिस्टरनी परत फोन केला. चारला परत. दर वेळी तेच. डॉक्टरांनाही दोष कसा द्यायचा? आदल्या सकाळपासून त्यांनी पाठ टेकली नव्हती, एवढ्या मोठ्या भागाला ते एकटेच.

मी चिडून सिस्टरना म्हणालो, "तुम्हाला कळतंय ना, मग काहीतरी करा ना!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, अँटिबायोटिक मी माझ्या मनाने लावू शकत नाही. रक्त तपासायला पाठवायचं तरी डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं."

सकाळी नऊला डॉक्टर आले, बघितलं आणि लगेच जिल्ह्याला हलवायला सांगितलं. ७० किलोमीटर. तिथे निदान झालं: न्यूमोनिया, आणि संसर्ग रक्तात पसरलेला. अण्णा नऊ दिवस आयसीयूत होते. वाचले. पण ज्या माणसाने ३१ वर्षं क्लच दाबला, तो आता वॉकरशिवाय संडासापर्यंत जात नाही. रात्री दोनलाच उपचार सुरू झाले असते तर वेगळं झालं असतं का? ठामपणे सांगता येणार नाही. पण सात-आठ तास हातातून गेले, हे खरं आहे.

घरी आल्यावर केसपेपरची झेरॉक्स काढून बसलो. सिस्टरनी सगळं वेळेसकट लिहिलं होतं. श्वास मिनिटाला २८. ऑक्सिजन ९२. नाडी ११२. बीपी १०४. ताप ९८.४. पुढे लिहिलं होतं, 'पेशंट असंबद्ध बोलतो, आधी नव्हते.'

इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली याच गोष्टींना गुण द्यायची एक साधी पद्धत काढली. श्वास, ऑक्सिजन, ताप, बीपी, नाडी आणि शुद्ध. जितकं बिघडलेलं, तितके गुण जास्त. २०१७ मध्ये त्यात सुधारणा केली आणि 'नव्याने सुरू झालेला गोंधळ' याला सरळ ३ गुण दिले. का, तर वयस्कर माणसाला गंभीर संसर्ग झाला तरी कधी कधी ताप येतच नाही. माणूस बरळायला लागतो, गळून जातो, पडतो, जेवण सोडतो. आपण म्हणतो, म्हातारपण.

त्या तक्त्यावर मी अण्णांच्या आकड्यांची बेरीज केली. ११ आली. ७ किंवा जास्त आले की ती इमर्जन्सी समजायची, असं तक्ता सांगतो. म्हणजे रात्री साडेबाराला सिस्टरना जे कळलं होतं, ते बरोबर होतं. फक्त त्यांच्या कळण्याला आपल्याकडे किंमत नव्हती.

मग मी विचारत सुटलो, की नर्सला पुढचं शिकवून निर्णयाचा अधिकार देता येतो का? तर येतो. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवात लहान मुलांपासून झाली. डॉक्टर पोचत नव्हते तिथे नर्सने मुलांना तपासावं, म्हणून. आज तिथे अत्यवस्थ प्रौढ आणि वृद्ध रुग्णांसाठी वेगळ्या तयार झालेल्या नर्स प्रॅक्टिशनर असतात. त्या तपासतात, चाचण्या सांगतात, औषध सुरू करतात. वृद्धांचं शरीर वेगळं वागतं, एकाच वेळी पाच-सहा गोळ्या चालू असतात, तीच मात्रा त्यांना जड जाऊ शकते, हे सगळं त्यांना शिकवलेलं असतं.

आणि हे फक्त परदेशात आहे असं समजू नका. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलनेही २०१६-१७ च्या सुमारास 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. बीएस्सी नर्सिंगनंतर. वर्गात बसणं थोडं, बहुतेक वेळ आयसीयूत, पेशंटच्या उशाशी. शरीरात बिघाड कसा होतो, औषधं कशी काम करतात, पेशंट कसा तपासायचा, हे सखोल शिकायचं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे. कागद तयार आहे. आमच्या तालुक्यात मात्र असं शिकलेली एकही सिस्टर मला भेटली नाही. जिला विचारलं तिने उलट मलाच विचारलं, "दोन वर्षं रजा घालून शिकले, तर परत आल्यावर पद कोणतं? पगार वाढणार का? का तीच ड्युटी आणि वर जास्तीची जबाबदारी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, हा स्वस्तातले डॉक्टर तयार करायचा धंदा आहे, खेड्याला दुय्यम सेवा मिळेल. ही भीती खोटी नाही. डॉक्टरांची भरती टाळायला सिस्टर पुढे केल्या तर मीच पहिला विरोध करेन. पण आज रात्री दोन वाजता पर्याय काय आहे? डॉक्टर की सिस्टर, असा तो नाहीच. नीट शिकलेली, लेखी अधिकार असलेली सिस्टर, की हात बांधलेली सिस्टर, एवढाच आहे.

आता एक कबुली. दहाएक वर्षांपूर्वी मी एक बातमी दिली होती. 'नर्सच्या हलगर्जीपणाने वृद्धेचा मृत्यू'. नातेवाइकांशी बोललो, पोलीस ठाण्यात बोललो. त्या नर्सला एक फोन केला नाही. केसपेपर बघायला मागितला नाही. नंतर तिची बदली झाली, तीही बातमी मीच दिली. परवा अण्णांचा केसपेपर वाचताना पहिल्यांदा मनात आलं, तिनेही किती वाजता कुणाला फोन केला ते लिहून ठेवलं असेल का? ती आता कुठे आहे, शोधतोय. भेटली तर जाऊन माफी मागणार आहे.

आणि जी गोष्ट दोन वर्षांच्या कोर्सची वाट न बघता करता येते, ती मागणार आहे. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला मी लेखी अर्ज देतोय. वयस्कर पेशंटसाठी असा गुणांचा तक्ता प्रत्येक खाटेला लावा. गुण ठराविक आकड्याच्या वर गेले की सिस्टरने कोणती तपासणी पाठवायची, कोणते उपचार सुरू करायचे, हे डॉक्टरांनी आधीच सही करून ठेवावं. डॉक्टर आले नाहीत तर रुग्णवाहिका बोलवायचा अधिकार सिस्टरला असावा. आणि दरवर्षी किमान एका सिस्टरला पगारी रजेवर तो कोर्स करायला पाठवण्याची मागणी समितीने वर करावी.

अर्जावर तुमच्या सह्या हव्यात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांच्या तर हव्याच. शनिवारी संध्याकाळी पाचला मी एसटी स्टँडसमोरच्या वाचनालयात बसतोय. अण्णांनी पहिली सही केलीय. हात थरथरतो, पण नाव पूर्ण लिहिलंय.