याकोबाची विहीर आणि आमचा आड

काही वर्षांपूर्वी पवित्र भूमीच्या यात्रेत आम्ही एक दिवस नाब्लुसला गेलो. सकाळी गरिजीम डोंगर पाहिला. मोशेचे पाच ग्रंथच प्रमाण मानणारे शोमरोनी आजही तेथे राहतात आणि वल्हांडणाला कोकरांचा बळी देतात. खाली अरब बाजारात जैतुनाच्या तेलाचा साबण आणि गरम कुनाफा यांचा वास दरवळत होता.

दुपारी याकोबाच्या विहिरीवर पोहोचलो. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या तळघरात ती आहे. याच काठावर थकलेल्या प्रभू येशूने एका शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले होते.

मला मात्र रहिमतपूरचा आमचा आड आठवला. मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईच्या ओंजळीत मी लहानपणी वरून पाणी ओतीत असे. तांब्याला तिचा हात लागू देत नसे. घरात भिंतीवर क्रूस होता. कोणी मला तसे शिकवले नव्हते, पण कोणी अडवलेही नव्हते.

१९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेला लहानगा भीमराव आमच्याच लोहमार्गाने मसूरला उतरला आणि पुढे बैलगाडीच्या वाटेवर तहानलेलाच राहिला. डॉ. आंबेडकरांची ही आठवण मी सेमिनरीत वाचली होती. हळहळलो होतो, पण मोळीवाली तेव्हा आठवली नाही.

पोहरा वर आला. एकच पेला हातोहात फिरत माझ्यापाशी आला. मी प्यालो. संध्याकाळच्या मिस्सेत, पश्चात्तापाच्या प्रार्थनेच्या वेळी, मला त्या बाईचे नाव आठवेना. ते मी कधी विचारलेच नव्हते.