फुलाचा पाय

"पाहुणीबाईंनी आज बिछाना हलवला," चहा देताना आईने बातमी दिली. कप तसाच ठेवून मी टाकीशी गेलो. रात्री दगडाच्या कपारीत असलेलं आमचं समुद्रफूल चार बोटं सरकून काचेला चिकटलं होतं, त्यामुळे त्याचा पाय दिसत होता. ओल्या पापडासारखा गोल, मधून काठाकडे गेलेल्या फिकट रेघांचा. पाय म्हणायचं खरं, पण बोटं नाहीत, टाच नाही, नुसता तळवा. टक लावून पाहत बसलं तर हललेला दिसत नाही. आंघोळ करून यावं तर मुक्काम बदललेला.

समुद्रफूल हा शब्द गोड आहे आणि तितकाच फसवा. हा प्राणी आहे, प्रवाळ आणि जेलीफिशच्या गोतावळ्यातला. पाकळ्या म्हणून आपण कौतुकाने पाहतो त्या सूक्ष्म विषारी सुयांनी भरलेल्या शुंडिका. मधोमध एकच तोंड, जेवायचंही तेच आणि उष्टं टाकायचंही तेच. प्रवाळी समुद्रातल्या फुलांच्या अंगात एकपेशीय शैवालाचं बिऱ्हाड. शैवाल उजेडावर अन्न शिजवतं आणि त्यातलं भाडं म्हणून घरमालकाला देतं. म्हणून टाकीवर दिवा प्रखर लागतो. दुकानात पांढरंशुभ्र फूल पाहून गिऱ्हाईक भुलतं; तो पांढरा रंग म्हणजे बिऱ्हाडकरू निघून गेल्याची खूण. भडक पिवळं दिसलं तर ते रंगात बुडवलेलं असण्याचीच शंका घ्यावी. पाहायचं ते तोंड घट्ट मिटलेलं आहे का, आणि तळवा कुठे फाटलेला नाही ना. दगडावरून ओरबाडून काढलेलं फूल बहुतेक वेळा वाचत नाही.

माझं पहिलं फूल मात्र वाचण्यासारखं होतं. मीच घाई केली. टाकी ३०० लिटरची, पण जेमतेम दोन महिन्यांची. जाणती माणसं सांगतात, निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर पाणी मुरू द्या. विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाळूत आणि दगडांत रुजायला वेळ लागतो. लोणचं मुरेपर्यंत बरणी न उघडण्याचा संयम माझ्यात कधीच नव्हता.

नव्या पाण्यात ते रमेना. रोज जागा बदलायचं. एका रात्री वीज गेली. पाणी खेळवणारा पंप थांबला, आणि भटकं फूल नेमकं त्या शांत पंपाच्या जाळीवर जाऊन बसलं. पहाटे तीनला वीज आली. मला जाग आली ती वासाने. पाणी ताकासारखं पांढुरकं, त्यात शुंडिकांचे तुकडे गरगरताहेत, आणि टाकीतले दोन्ही मासे वर येऊन धापा टाकताहेत. चिरडलेलं फूल एकटं मरत नाही. त्याचं विष आणि सडणारं मांस सगळी टाकी घेऊन जातं. दिवस उजाडेपर्यंत मी आणि आई बादल्यांत आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, घनता १.०२५ आली की ओत, असं करत राहिलो. एक मासा वाचला.

त्यानंतरचे माझे उद्योग हास्यास्पद वाटतील. प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंजचं आवरण. विजेशिवाय हवा सोडणारा बॅटरीचा पंप. उन्हाळ्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीला २६ अंशांवर ठेवणारा चिलर. आम्ही स्वतः पंख्याखाली. बाष्पीभवनाने पाणी उतरलं तर भर गोड्या पाण्याचीच घालायची, कारण मीठ उडून जात नाही. आठवड्याला नखाएवढा कोळंबीचा तुकडा. मोठा दिला तर दुसऱ्या दिवशी तोंडातून परत येतो. वर्षभर थांबून दुसरं फूल आणलं. तेही समुद्रातून नव्हे. बबल टिप जातीची फुलं टाकीत आपोआप दुभंगतात, तळव्यापासून तोंडापर्यंत फाटून एकाची दोन होतात. तशी एकाच्या घरची अर्धी पाहुणीबाई आमच्याकडे आली.

एवढा लवाजमा पाहून मला एडिंबराची ग्रॅनी आठवते. जॉन डॅलिएल या निसर्ग अभ्यासकाने १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लालसर समुद्रफूल उचलून काचेच्या बरणीत ठेवलं. पंप नाही, दिवा नाही. पाणी बदलायचं, कधीमधी शिंपल्याचा घास द्यायचा. डॅलिएल १८५१ मध्ये वारले, बरणी दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे, आणि ग्रॅनी शेकडो पिल्लं देत १८८७ पर्यंत जगली. वर्तमानपत्रात तिचा मृत्युलेख आला. अर्थात तिची जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, काटक, अंगात शैवाल नसल्याने उजेडाची मिजास नसलेली. प्रवाळी समुद्रातल्या मोठ्या फुलाला बरणीत ठेवून ग्रॅनीचा दाखला देऊ नये.

ग्रॅनी बरणीत असतानाच इंग्लंड-स्कॉटलंडात फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाच्या १८५४ च्या पुस्तकाने घरोघरी मत्स्यालयाचं वेड शिरलं. लोक छिन्नी-हातोडे घेऊन किनाऱ्यांवर तुटून पडले. खडकातली डबकी कशी ओसाड झाली, याची हळहळ गॉसच्याच मुलाने १९०७ मध्ये लिहून ठेवली आहे. बापाच्या पुस्तकाने केलेलं नुकसान मुलाने नोंदवावं, याचं मला कौतुक वाटतं.

आईला हे सांगितलं. तिचं माहेर रत्नागिरीकडचं. म्हणाली, "आमच्या खडपात ओहोटीला होती की अशी. कालवं काढायला जायचो तेव्हा बोट लावलं की पिचकारी मारून मिटायची. कुणी घरी नेली नाहीत." मग थोडं थांबून, "तिथे लाइटही जात नव्हती."

घरात वीज गेल्यावर मोठ्या पंपाचं बटण बंद करायचं आणि पाहुणीबाई कुठे आहेत ते बघितल्याशिवाय चालू करायचं नाही, हे काम तिने आपणहून घेतलं आहे. परवा वळीव कोसळला, तेव्हा मी ऑफिसात होतो. घाबरून फोन केला.

"बटण केव्हाच बंद केलंय," ती म्हणाली. "टॉर्च मारून बघितलं. बाई जागेवर आहेत. तू येताना दूध आण."