हुशार पेटीची निवड

शहाण्या माणसांच्या सहवासांत राहण्याचा योग आम्हांस आजवर फारसा आलेला नाहीं. परंतु शहाण्या वस्तूंचा गराडा मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्याभोंवतीं असा कांहीं पडला आहे कीं, घरांत सर्वांत मंद कोण असा प्रश्न निघाला तर बोट आमच्याकडेच वळेल. फोन हुशार, घड्याळ हुशार, दूरचित्रवाणीचा पडदा हुशार, आणि आतां विजेचा मीटरही हुशार. (दाराची घंटा तेवढी अजून साधी आहे, ती दाबली कीं वाजते.) तेव्हां गेल्या पाडव्याला आम्ही विजेवर चालणारी मोटार घरीं आणली, त्या वेळीं तिला वीज पाजणारी पेटीही हुशारच असली पाहिजे, असें चिरंजिवांनीं जाहीर केलें, यांत नवल नाहीं.

मोटारीचें कौतुक येथें करावयाचें नाहीं. जानेवारी २०२० मध्यें नेक्सॉन ही विजेवरील गाडी बाजारांत आली, ती पुण्याजवळच्या रांजणगांवीं तयार होऊं लागली, आणि पुढील पांच-सहा वर्षांत हिरव्या पाटीच्या गाड्या निःशब्दपणें पाठीमागून येण्याची कोथरुडच्या पादचाऱ्यांना संवय झाली. पहांटे आम्ही ज्या टेकडीवर फिरावयास जातों, तिला पुष्कळ लोक एआरएआय टेकडी म्हणूनच ओळखतात. वाहनांच्या परीक्षा घेणारी ही संस्था १९६६ सालीं स्थापन झालेली. अशा ठिकाणच्या परीक्षांतून वाहनें उतरतात, हें ठाऊक असल्यामुळें गाडीविषयीं आम्ही निर्धास्त होतों. परीक्षा झालेली नव्हती ती आमच्या इमारतीची. पण तें पुढें येईलच.

पेटीसाठीं चिरंजिवांनीं एक तक्ता केला होता. त्यांत तीन घराणीं होतीं. पहिलें ३.३ किलोवॅटचें, म्हणजे गिझर ज्या जाड थ्री-पिनवर चालतो त्याच तोलाचें, दुसरें ७.२ किलोवॅटचें, आणि तिसरें ११ किलोवॅटचें, ज्याला तीन फेजची वीज लागते. तिसऱ्याची किंमत ऐकून आम्ही आसन बदललें. "बाबा, घेतांना मोठेंच घ्यावें, पुढें पस्तावायला नको," असें चिरंजीव म्हणाले. हा सिद्धान्त त्यांनीं आमच्याकडूनच, शाळेच्या गणवेशाच्या खरेदींत, उचललेला असल्यामुळें तो खोडून काढणें जड गेलें.

मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आम्हीं हिशेब मांडला. कोथरूडहून शिवाजीनगर, तेथून काम पडल्यास लक्ष्मी रस्ता, आणि परत. दिवसाकांठीं गाडी फार तर पस्तीस किलोमीटर धांवते. एका युनिटांत ती शहरांत सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे रोजची भूक पांच-सहा युनिटांची. ती भागवावयास लहान पेटीला दोन तास पुरतात, मध्यम पेटीला तासाच्या आंतबाहेर. आम्ही झोपतों आठ तास. गाडी आमच्याआधीं सात तास जेवून उठली, तर ती करणार काय? चाळीस युनिटांची बॅटरी अगदीं रिकामी झाली, तर मात्र फरक दिसतो: लहान पेटी बारा-तेरा तास घेते, मध्यम पेटी सहा. परंतु कोल्हापुराहून रात्रीं परतून पहांटे पुन्हा कोंकणांत उतरण्याइतका उत्साह आमच्या घराण्यांत कोणाला नाहीं. शिवाय आमच्या घराला मंजूर असलेला विजेचा भार आहे अवघा पांच किलोवॅटचा. त्यांत ७.२ ची पेटी बसवणें म्हणजे पांच माणसांच्या पंक्तीला सात-आठ पाहुणे बोलावण्यासारखें. भार वाढवून घेण्याचा अर्ज ओघानेंच आला.

तरीही शंका फिटेना, म्हणून आम्हीं बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली गांठली. त्या गल्लींत तारा, बटणें, दिवे आणि माणसें अशीं दाटीनें भरलेलीं असतात कीं, एखाद्या वस्तूची चौकशी करावयास गेलेला मनुष्य दुसरीच विकत घेऊन बाहेर पडतो. आम्हीं एक विजेरी घेतली. ती बांधून देतां देतां म्हातारा दुकानदार म्हणाला, "साहेब, ज्याला तुम्ही चार्जर म्हणतां तो चार्जर नाहींच. चार्जर गाडीच्या पोटांत असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे नुसता दारवान."

हें ज्ञान आम्हांस नवें होतें, आणि आमच्यासारखे पुष्कळ असतील म्हणून थोडें सविस्तर सांगतों. घरांतली वीज उलटसुलट वाहणारी. बॅटरीला लागते ती एका दिशेनें वाहणारी. हा पालट गाडींतील यंत्र करतें, आणि त्या यंत्राची जी भूक असेल तीहून अधिक वीज बाहेरची पेटी कितीही मोठी असली तरी गाडीला भरवूं शकत नाहीं. पेटीचें काम वेगळें. ती एका बारीक तारेनें गाडीशीं बोलते. त्या तारेवरून सेकंदाला एक हजार ठोके जातात, आणि एकेक ठोका किती वेळ टिकतो यावरून गाडीला कळतें कीं आज सहा अँपियर घ्यावयाचे, सोळा घ्यावयाचे, कीं बत्तीस. गाडी जोडलेली नसेल तर पेटी तारेंत वीज सोडीतच नाहीं. आंतील रक्षक-बटण गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा जमाखर्च सारखा पडताळून पाहतें. त्यांत तीस मिलिअँपियरची, म्हणजे एका अँपियरच्या शेंकडा तीन भागांइतकी, तूट आली, तरी ती कोणाच्या अंगांतून जमिनींत जात असेल असें समजून क्षणार्धांत पुरवठा तोडतें. आणि जमिनीशीं जोडणारी तार, जिला आपण सारे अर्थिंग म्हणतों, ती जागेवर नसेल तर पेटी तांबडा दिवा लावून स्वस्थ बसते.

विक्रेते ज्या हुशारीचे पैसे मागत होते ती मात्र याहून निराळी होती. पेटीला फोनवरून हुकूम देतां येतो. किती युनिटें गेलीं याचा आलेख निघतो. अमुक वाजतां सुरू हो, तमुक वाजतां थांब, असें सांगून ठेवतां येतें. हा शेवटचा गुण आमच्या घरांतून फार वाखाणला गेला, कारण रात्रीं वीज स्वस्त पडते असा समज. त्या समजाला कांहीं आधारही होता. चंद्रपूर-कोराडीच्या भट्ट्या रात्रीं मागणी उतरली म्हणून चुलीसारख्या विझवतां येत नाहींत. परंतु आतां सूर्याची वीज भर दुपारीं उतूं जाऊं लागली आहे. १ जुलै २०२५ पासून हुशार मीटरच्या घरगुती ग्राहकांना जी सवलत जाहीर झाली, ती युनिटामागें ऐंशी पैशांपासून रुपयापर्यंतची, सकाळीं नऊ ते संध्याकाळीं पांच या वेळेंतल्या विजेची! त्या वेळेंत आमची गाडी कचेरीच्या आवारांत उन्हांत उभी असते. राहतां राहिला फोनचा हुकूम. आमच्या पार्किंगमध्यें फोनचीं चिन्हें मावळतात, आणि दुसऱ्या मजल्यावरील आमच्या इंटरनेटचा प्रवाह जिन्याच्या पहिल्या वळणाखालीं उतरत नाहीं.

निवड अशी लांबत असतां गाडी उपाशी ठेवतां येत नव्हती. तिच्याबरोबर एक हातपेटी मिळाली होती. ती पार्किंगमधील जुन्या थ्री-पिनमध्यें खोंचली आणि तांबडा दिवा लागला. पुन्हा खोंचली, पुन्हा तांबडा. एका वायरमनला बोलावलें. त्यानें टेस्टर लावून पाहिला व म्हणाला, "अर्थिंग नाहीं साहेब. पण काळजी नको, पेटीला फसवतां येतें." त्यानें पिनेच्या घरांत बोटभर तार अशी कांहीं बसवली कीं, परत जाणारी तार आणि जमिनीची तार एकच झाली. पेटीला वाटलें जमीन सांपडली. दिवा हिरवा झाला. दोनशें रुपये दिले, आणि एवढ्या स्वस्तांत हुशारीवर मात केल्याबद्दल त्या रात्रीं आम्ही जेवतांना जरा अधिक बोललों.

रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली. कशानें आली तें सांगतां येत नाहीं. पण जागें होतांच आमच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहिलें, तें गाड्या पुसणाऱ्या मुलाचें होतें. तो पहांटे साडेपांचला येतो. पाय अनवाणी, हातांत ओला फडका, बाजूला पाण्याची बादली. ज्या तारेच्या भरंवशावर आम्हीं पेटीला फसवलें होतें, ती तार मागें कोठें सैल झाली असती, तर गाडीच्या सबंध पत्र्यावर विजेचा दाब आला असता, आणि तो पत्रा सर्वांत आधीं त्यानें हातानें पुसला असता. आम्ही तसेच खालीं गेलों. बटण बंद केलें, पिन उपसली. वर पाहतों तों पहिल्या मजल्याच्या गॅलरींत माई उभ्या होत्या. त्यांचें वय चौऱ्यायशीं. त्यांची खोली बरोबर आमच्या गाडीच्या डोक्यावर.

"काय हो, हें असें रात्रभर चालणार, आणि तुम्ही झोपणार?" त्यांनीं विचारलें.

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दिवसा असतें तर आम्हीं त्यांना आंकडे सांगितले असते.

पुढच्या रविवारीं सोसायटीची सभा होती. तींत आम्ही जाणार होतों तें कागदपत्रांनीं सज्ज होऊन. घरीं वाहनाला वीज भरण्यास मुभा असावी आणि वीज कंपन्यांनीं त्यास साहाय्य करावें, असें केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच लिहून ठेवलें आहे; त्यांची प्रत आमच्या पिशवींत होती. ना-हरकतीला जो कोणी हरकत घेईल त्याला ती दाखवावयाची, असा बेत होता. प्रत्यक्षांत ती पिशवींतच राहिली. आम्हीं उठून त्या रात्रीचा प्रकार जसा घडला तसा सांगितला. सभेंत प्रथम शांतता पसरली आणि मग, पुण्याच्या सभांत होतें तसें, सर्व जण एकदम बोलूं लागले. कोणी म्हणाले, गाडीच नको. चिटणिसांनीं मात्र हळूच विचारलें, "पार्किंगला अर्थिंग नाहीं, तर मग वर घरांत तरी आहे का?"

दुसऱ्या दिवशीं दुसरा, जाणता वायरमन आणून मोजणी केली. बावीस घरें, बावीस गिझर, तितकींच धुण्याचीं यंत्रें, आणि साऱ्या इमारतीचा जमिनीशीं असलेला संबंध जवळजवळ तुटलेला! मोटारीला जें एका रात्रींत कळलें, तें आम्हां बावीस कुटुंबांना कित्येक वर्षें कळलें नव्हतें. गिझर बिचारा साधा. त्याला तांबडा दिवा लावतां येत नाहीं. पण अर्थिंगचा खड्डा होता कोठें? १९९४ चे नकाशे कोणाकडेच नव्हते. माईंना विचारावें असें कोणाला सुचलें नाहीं, त्या आपण होऊनच गॅलरींतून म्हणाल्या, "आमचे हे उन्हाळ्यांत प्राजक्तापाशीं रोज बादली ओतायचे. झाडाला नव्हे, शेजारच्या झांकणांत. विजेला पाणी लागतं म्हणायचे, आणि मी हंसायची."

त्यांचे यजमान वीज मंडळांत होते. त्यांना जाऊन अकरा वर्षें झालीं. त्यानंतर कधीं तरी अंगणांत सिमेंटच्या विटा बसवल्या गेल्या, झांकण त्यांखालीं गेलें. विटा उचलल्यावर खड्डा निघाला. कोळसा आणि मीठ यांचा थर वाळून कोरडा ठणठणीत, पट्टी गंजून हातांत तुटली. मीठ ओल धरतें, कोळसा ती टिकवतो, आणि ओल्या मातींतून वीज सुखानें उतरते. वाळलेल्या खड्ड्याची किंमत शून्य. नवा पत्रा, नवी पट्टी, नवें मीठ-कोळसा. शिवाय पार्किंगसाठीं एक खड्डा वेगळा. सर्वांनीं वर्गणी काढली. आम्हीं दुप्पट दिली, ती कां तें सभेला ठाऊक होतें.

एवढें झाल्यावर पेटीची निवड पांच मिनिटांत उरकली. ३.३ किलोवॅटची, आंत रक्षक-बटण असलेली, अर्थिंग नसल्यास नकार देणारी, आणि फोनशीं बोलणारी नसली तरी चालेल अशी. दुर्दैवानें फोनशीं बोलणारीच मिळाली. तसली नसलेली पेटी दुकानांत शिल्लक नव्हती. चिरंजिवांनीं फोनवर तिच्यासाठीं एक चित्र उघडून ठेवलें आहे, आणि तें रोज रात्रीं आम्हांस कळवतें कीं यंत्राशीं संपर्क होऊं शकत नाहीं. आणखी दोन बिऱ्हाडांनीं गाड्या नोंदवल्या आहेत. त्या आल्या कीं तिघांत मिळून वीज वांटून घेणाऱ्या पेट्या आणाव्या लागतील, आणि सभा पुन्हा भरेल. गाड्या पुसणारा मुलगा बादलींत उरलेलें पाणी प्राजक्ताशेजारच्या झांकणांत ओततो. त्याला तें आम्हीं सांगितलें नव्हतें, माईंनीं सांगितलें.

रात्रीं दहाला आम्ही खालीं जाऊन पिन लावतों, तेव्हां वरून आवाज येतो, "हिरवा आहे ना हो?"

"हिरवा आहे, माई," असें आम्ही सांगतों. मग त्यांच्या खोलींतला दिवा मालवतो.